बर्फावरच्या बुटाचं माप कसं घ्यायचं

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बावीस वर्षं गळ्यात टेप आहे. त्यामुळे लेकीसाठी फिगर स्केटिंगचे बूट मापाने करून घ्यायचं ठरलं, तेव्हा मापाची मला काळजी वाटली नाही. आणि पहिलं माप तिथंच चुकलं. कपड्याला आपण थोडं सैल धरतो. हात वर करता आला पाहिजे, श्वास घेता आला पाहिजे. बर्फावरच्या बुटात ही सैल जागा चालत नाही. पाय ब्लेडच्या कडेवर झुकला की बूट त्याच क्षणी झुकायला हवा. आत जागा असली तर आधी पाय झुकतो, मग बूट, आणि तेवढ्यात उडी गेलेली असते.

लेक आधी इथं चाकांवर शिकली. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही निजामुद्दीन गाडीने दिल्ली गाठतो आणि गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, तिचा सराव होतो. तिचे पहिले बूट एका दुकानदाराने "वाढतं वय आहे, दोन नंबर मोठे न्या" म्हणून दिले आणि मी आणले. टाच आत वर-खाली व्हायची. सीझन संपेपर्यंत टाचेच्या मागे सुपारीएवढी गाठ आली. शाळेच्या बुटाचा हिशोब इथं लावू नका, एवढं हात जोडून सांगते.

पण म्हणून लहान पोरांना लगेच मापाचे बूट करायला जाऊ नका. पाऊल वाढतंय तोवर तयार बूटच घ्यावा, फक्त लांबीबरोबर रुंदीही बघून. बऱ्याच कंपन्या एकाच नंबरात दोन-तीन रुंद्या देतात. वर्षभर पाऊल वाढलेलं नसेल, डावं-उजवं बरंच वेगळं असेल किंवा तयार बुटात कुठलंतरी हाड सतत दुखत असेल, तेव्हा मापाच्या बुटाचा विचार करायचा. माझी लेक सोळाची झाली आणि तिचं डावं पाऊल उजव्यापेक्षा चार मिलिमीटर मोठं निघालं, तेव्हा आम्ही ऑर्डर दिली.

माप घ्यायला मी आमच्या ओळखीच्या पायताणवाल्या काकांना घरी बोलावलं. बर्फ त्यांनी फक्त गाड्यावरच्या गोळ्यात बघितलेला, पण पाऊल त्यांना कळतं. मी टेप गुंडाळला तसं म्हणाले, "ताई, सैल कशापायी धरलासा? पाय हाय तेवढाच हाय न्हवं." टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. त्यांनी तीन वेळा माप घेतलं आणि तिन्ही वेळा आकडा सारखा आला तेव्हाच लिहू दिला.

वेळ संध्याकाळची धरा. दिवसभर चालून पाय थोडे फुगतात आणि सरावातही ते तसेच फुगलेले असतात. कागद फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभं राहायचं आणि रेघ दुसऱ्याने मारायची. स्वतः वाकून मारली की भार पुढं सरकतो आणि पाऊल पसरतं. पेन्सिल खांबासारखी उभी हवी. ती तिरकी झाली की कमानीखाली घुसते आणि पाऊल कागदावर अरुंद होतं. काकांनी पेन्सिलला लाकडाचा गुळगुळीत तुकडा टेकवून रेघ ओढली. ते बघून मी दुकानातल्या पोरींनाही तसंच शिकवलं.

मग घेर. चवड्याचा, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी. पावलाच्या उंचवट्याचा. टाचेच्या टोकापासून घोट्याच्या वळणावरून फिरवून घेतलेला तिरका घेर, जो सगळ्यात महत्त्वाचा, कारण टाच जागेवर धरून ठेवणं त्याच्यावर आहे. आणि घोट्याच्या वर पायाचा. बूट करणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर मागितलं असेल तर हे सगळं उभं राहून एकदा आणि बसून, पाय अधांतरी ठेवून, एकदा. आकडे मिलिमीटरमध्ये लिहा. इटलीच्या एडिया बुटांचा नंबरच मिलिमीटरमध्ये असतो. आपला सहा-सात नंबर तिकडे कामाचा नाही. पाय उघडा ठेवायचा की पातळ मोजा घालायचा, ते फॉर्म सांगेल तसं करा, पण दोन्ही पायांना एकच.

घोट्याची हाडं विसरू नका. आतलं हाड बाहेरच्यापेक्षा वर असतं. दोन्हींची जमिनीपासून उंची वेगवेगळी लिहा, म्हणजे बुटातला हाडासाठीचा खोलगट भाग बरोबर जागी येतो. कुठं गाठ, भोवरी, वाढलेलं हाड असेल तर कागदावर फुली मारा आणि पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा.

फॉर्ममध्ये वजन, आठवड्याचे सरावाचे तास आणि कुठल्या उड्या येतात हेही विचारतात. तिथं खरं लिहा. बुटाचा कडकपणा त्यावरून ठरतो. दोन फेऱ्यांच्या उड्यांसाठीचा कडक बूट नवशिक्या पोरीला दिला, तर घोटा वाकत नाही, गुडघाही वाकत नाही आणि ती पुढं झुकून खेळायला लागते. हे कोचला विचारूनच भरा. मापाच्या बुटाचा खर्च आणि वाट बघायचे महिनेही आधीच विचारून घ्या.

बूट आले की लगेच ब्लेड ठोकून घेऊ नका. घरात चटईवर बघा. आतलं सोल काढून त्यावर पाय ठेवा. पाऊल कडेबाहेर जाता कामा नये. मग पाय घालून टाच मागे दोनदा आपटा आणि लेस बांधा. बोटांकडे जरा सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट, वरच्या हुकांत पुन्हा थोडी सैल. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं हलकी टेकावीत आणि गुडघा वाकवला की मागं सरकावीत. बोटं मुडपली तर आखूड. टाच उचलली गेली तर ते माप चुकलंय, सवयीने जाईल असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. लेसच्या भोकांच्या दोन ओळी बऱ्यापैकी समांतर आणि मधे फट शिल्लक असावी. त्या आत्ताच एकमेकींना भिडल्या, तर चामडं सैलावल्यावर आवळायला जागाच उरणार नाही.

एका ठिकाणी दुखत असेल तर मोज्यावर नेमक्या दुखऱ्या जागी ओल्या कुंकवाचा ठिपका द्या आणि बूट घाला. आत डाग उठतो, तिथंच चामडं बाहेर ढकलायचं. मी तो बूट घेऊन काकांकडे गेले. त्यांनी हात फिरवला, आतला थर चाचपला आणि परत दिला. "ह्यात काय काय भरलंय ते मला ठावं न्हाई, बिघडवायचो." मग गुरुग्रामला रिंकवरच्या माणसाने चिमट्यासारख्या अवजाराने दहा मिनिटांत ती जागा उचलली. काही बूट गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात, पण ते कंपनी सांगेल त्याच यंत्रात आणि तेवढ्याच वेळ. घरच्या ओव्हनमध्ये घालू नका, गोंद सुटतो.

ब्लेडचे सगळे स्क्रू पहिल्याच दिवशी मारायचे नाहीत. थोडेच मारून सरळ जातंय का बघायचं, हवं तर ब्लेड किंचित सरकवून मग बाकीचे. पहिले काही दिवस वीस-वीस मिनिटंच घाला, उड्या नकोत. आणि आपल्याकडचा जुलै लक्षात ठेवा. घरी आल्यावर ब्लेड पुसून लेस पूर्ण सैल करा, सोल बाहेर काढा आणि बूट पंख्याखाली ठेवा. बॅगेत कोंबलेला बूट दोन दिवसांत बुरसटतो. काकांनी काढलेला तो कागद मी तारीख घालून ब्लाउजच्या मापवहीत ठेवलाय. दर दिवाळीला लेकीला त्याच रेघेवर उभं करते.