नव्या गाडीसाठी योग्य ऑक्टेनचे पेट्रोल कसे निवडावे

नवी गाडी घेऊन पहिल्यांदा पंपावर उभे राहिल्यावर समोरच्या नोझलवरचे ९१, ९५, ९८ असे आकडे पाहून बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो : गाडी नवी आहे, तिला चांगले पेट्रोल द्यावे आणि चांगले म्हणजे मोठ्या आकड्याचे. हा विचार गाडीवरच्या मायेपोटी येतो, पण तो मुळातच चुकीच्या समजुतीवर उभा आहे. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची शुद्धता सांगत नाही, त्याची ताकद सांगत नाही आणि इंजिन किती स्वच्छ राहील हेही सांगत नाही. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले गेले असता ते ठिणगीची वाट न पाहता आपणहून पेटण्याला किती विरोध करते, एवढीच एक गोष्ट तो सांगतो.

ही एक गोष्ट मात्र इंजिनाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पिस्टन वर येत असताना मिश्रण दाबले जाते आणि तापते. पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि तिथून ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. ही ज्वाला पसरत असताना कडेला उरलेले, अजून न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाते, आणखी तापते. पेट्रोलचा ऑक्टेन इंजिनाच्या गरजेपेक्षा कमी असेल, तर ज्वाला तिथवर पोहोचण्याआधीच ते मिश्रण एकदम भडकते, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि मेकॅनिक ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात तो आवाज येतो. गाडी वरच्या गिअरमध्ये चढ चढत असताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड ऐकू आली, तर ती बहुधा हीच असते. जोरदार नॉकिंग बराच काळ चालू राहिले, तर पिस्टनचा माथा, रिंगा आणि हेड गॅस्केट यांना इजा होते.

आकड्याचा अर्थही एकदा नीट समजून घ्यावा. ही मोजपट्टी १९२०च्या दशकात अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांच्या कामातून आली. पेट्रोलमध्ये असणाऱ्या द्रवांपैकी सहज नॉक करणाऱ्या हेप्टेनला त्यांनी शून्य मानले आणि नॉकिंगला चिवट विरोध करणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १००. त्यामुळे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका विरोध करणारे पेट्रोल. त्यात प्रत्यक्ष ९५ टक्के आयसो-ऑक्टेन असते असे नव्हे.

खरी फसगत होते ती इथून पुढे, कारण जगात सगळीकडे हा आकडा एकाच पद्धतीने मोजत नाहीत. एका ठरावीक चाचणी-इंजिनात मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, सौम्य परिस्थितीत मोजलेला आकडा म्हणजे ‘रॉन’, अर्थात रिसर्च ऑक्टेन नंबर. त्याच प्रकारच्या इंजिनात ९०० फेऱ्यांवर, आत येणारे मिश्रण जवळपास १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मोजलेला आकडा म्हणजे ‘मॉन’, अर्थात मोटर ऑक्टेन नंबर. चाचणी कठीण असल्याने एकाच पेट्रोलचा मॉन त्याच्या रॉनपेक्षा साधारण ८ ते १० अंकांनी कमी भरतो. युरोपातील पेट्रोलच्या मानकात ९५ रॉनबरोबर किमान ८५ मॉन मागितला जातो, तो याच हिशेबाने. जगातील बहुतेक देशांत पंपावर रॉन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात मात्र दोन्हींची सरासरी लिहितात आणि तिला ‘एकेआय’, अर्थात अँटी-नॉक इंडेक्स, म्हणतात. म्हणून तिथले ८७ हे इतरत्र साधारण ९१ असते, तिथले ९१ म्हणजे इतरत्र जवळपास ९५ ते ९६ आणि तिथले ९३ म्हणजे सुमारे ९८. एका मोजपट्टीवरचे ९१ हे साधे पेट्रोल आणि दुसऱ्या मोजपट्टीवरचे ९१ हे वरच्या प्रतीचे, हे ध्यानात आले नाही तर परदेशातून आणलेल्या गाडीत कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले जाते आणि ते ‘आकडा जुळला’ या समाधानाने भरले जाते. त्यामुळे आकडा वाचताना त्याच्या शेजारी कोणती मोजपट्टी लिहिली आहे हे आधी पाहावे.

हा आकडा कुठे वाचायचा, याचे उत्तर सोपे आहे. पेट्रोलच्या झाकणावरची झडप उघडली की तिच्या आतल्या बाजूला बहुतेक गाड्यांत एक स्टिकर असतो आणि मालकाच्या पुस्तिकेत इंधनाचे स्वतंत्र प्रकरण असते. मी माझी गाडी ताब्यात घेतली तेव्हा विक्रेत्याने अगदी मनापासून सांगितले होते की पहिल्या पाच टाक्या वरच्या प्रतीच्याच भरा, म्हणजे इंजिन ‘बसते’. तिथेच झडप उघडून पाहिली, तर आत स्पष्ट लिहिले होते : किमान ९१ रॉन. रनिंग-इनच्या, म्हणजे नवे इंजिन रुळण्याच्या, काळात इंजिनावर जोर कमी द्यावा हे खरे आहे, पण त्या काळासाठी वेगळा ऑक्टेन लागतो असे त्या पुस्तिकेत कुठेही नव्हते. विक्रेता जे सांगतो त्यापेक्षा गाडी बनवणाऱ्याने जे छापून दिले आहे त्यावर विसंबावे, असे माझे ठाम मत आहे.

आकड्याइतकेच महत्त्व त्याच्या आधीच्या शब्दाला आहे आणि नेमका तोच शब्द आपण वाचायचा राहतो. ‘मिनिमम’, म्हणजे किमान, असे लिहिले असेल तर तेवढ्या आकड्याचे पेट्रोल पुरेसे आहे; त्यावरचे भरून मिळवण्यासारखे काही नाही. ‘रिक्वायर्ड’, म्हणजे आवश्यक, असे असेल तर त्याखाली उतरू नये. टर्बो किंवा मोठ्या ताकदीच्या इंजिनांबाबत असे आढळते आणि तिथे काटकसर करणे म्हणजे इंजिनाशी खेळणे आहे. ‘रेकमेंडेड’, म्हणजे शिफारस केलेले, हा मधला प्रकार आहे : कमी आकड्याचे पेट्रोल चालते, पण जाहीर केलेली ताकद आणि अ‍ॅव्हरेज मिळवायचे असेल तर वरचे भरावे. बऱ्याच पुस्तिकांत या प्रकारात दोन आकडे दिलेले असतात, एक शिफारशीचा आणि एक चालणारा. पुस्तिका एकाच मॉडेलच्या दोन-तीन इंजिनांसाठी सामायिक असू शकते, म्हणून आपल्या इंजिनाच्या ओळीवर बोट ठेवूनच वाचावे.

काही जाणकार केवळ कॉम्प्रेशन रेशोवरून, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते त्यावरून, ऑक्टेन ठरवू पाहतात. दाब जितका जास्त तितका ऑक्टेन जास्त हवा, हे तत्त्व बरोबर आहे. माझ्दा या जपानी कंपनीने आपल्या स्कायअ‍ॅक्टिव्ह-जी इंजिनाचा रेशो युरोपासाठी १४ आणि अमेरिकेतील साध्या पेट्रोलसाठी १३ ठेवला होता, तो यामुळेच. पण अनेक हायब्रिड गाड्यांच्या अ‍ॅटकिन्सन पद्धतीच्या इंजिनांत हवा आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, काही हवा परत बाहेर जाते आणि कागदावर १३ असलेला रेशो प्रत्यक्षात बराच कमी दाब देतो. अशी इंजिने साध्या पेट्रोलवर निर्धास्त चालतात. उलट, टर्बो इंजिनाचा रेशो कागदावर कमी दिसतो, पण त्यात हवा आधीच दाबून येते. तेव्हा आपण गणित मांडण्यापेक्षा ज्याने इंजिन घडवले त्याने मांडलेले गणित मानावे.

शिफारशीच्या प्रकारात मोडणारी गाडी असेल, तर वरचे पेट्रोल परवडते का हे घरच्या घरी मोजता येते. आजच्या गाड्यांत इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो; नॉकिंगची कंपने जाणवताच संगणक ठिणगीची वेळ काही अंशांनी मागे घेतो. त्यामुळे इंजिन वाचते, पण थोडी ताकद आणि थोडे पेट्रोल वाया जाते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये शिफारशीच्या प्रकारातील काही गाड्या तपासल्या, तेव्हा वरच्या पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढलेली दिसली. आपल्या गाडीसाठी एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्य करावा आणि नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवावी. पुढच्या वेळी ३६ लिटर मावले आणि मीटरवर ५४० किलोमीटर असतील, तर अ‍ॅव्हरेज १५. संगणकाला नव्या पेट्रोलशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक प्रकाराच्या निदान तीन टाक्या मोजाव्यात आणि पहिली सोडून द्यावी. १५चे १५.४ झाले तर वाढ सुमारे २.७ टक्के झाली. भावातला फरक त्याहून जास्त टक्के असेल, तर केवळ बचतीसाठी वरचे भरण्यात अर्थ नाही. ओढ सुधारल्याचा आनंद हवा असेल, तर तो निर्णय वेगळा.

साध्या पेट्रोलसाठीच बनवलेल्या गाडीत मात्र हा प्रयोग करण्याची गरज नाही. त्याच संस्थेने २०१६ मध्ये अशा गाड्यांत वरचे पेट्रोल घालून पाहिले, तेव्हा ताकद, अ‍ॅव्हरेज आणि धूर यांपैकी कशातही उल्लेखनीय फरक पडला नाही. इंजिन स्वच्छ ठेवणारी डिटर्जंट द्रव्ये हा वेगळा विषय आहे. ती ऑक्टेनच्या आकड्यातून कळत नाहीत.

आणखी एक लेबल पेट्रोलच्या झडपेच्या आत दिसते आणि ते ऑक्टेनचे नसते. ई५, ई१०, ई२० हे आकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्तीत जास्त किती टक्के असू शकते हे सांगतात. इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८च्या आसपास असल्याने ते मिसळले की ऑक्टेन वाढतो; पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज किंचित घटते. आपल्या गाडीचे रबरी पाइप, सील आणि पंप किती इथेनॉल सोसतात, हा प्रश्न ऑक्टेनपेक्षा स्वतंत्र आहे आणि दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात.

बाटलीतून मिळणारे ऑक्टेन वाढवणारे द्रव नव्या गाडीत टाळावे. त्यांपैकी काहींमध्ये मँगनीजची संयुगे असतात आणि त्यांची राख स्पार्क प्लगवर व धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचते.

चुकून कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले गेले, तर घाबरून टाकी रिकामी करायला धावू नये. जपायचे असते ते इंजिनावरच्या भारापासून. गाडी जड भरू नये, चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन मोकळे फिरू द्यावे, अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबावा आणि टाकीत जागा होताच वरच्या आकड्याचे पेट्रोल घालावे. दोन पेट्रोल मिसळली की ऑक्टेन जवळपास प्रमाणात जमतो : ४० लिटरच्या टाकीत ९१चे २० लिटर उरले असताना वर ९८चे २० लिटर घातले, तर मिश्रण साडेचौऱ्याण्णवच्या आसपास येते. एवढे करूनही खडखड थांबली नाही, किंवा योग्य पेट्रोल असतानाही ती येत राहिली, तर दोष पेट्रोलचा नसून सेन्सर, कूलिंग किंवा साचलेला कार्बन यांपैकी कशाचा तरी असू शकतो आणि गाडी वॉरंटीत असतानाच ती सर्व्हिस सेंटरला दाखवून तक्रार लेखी नोंदवून घ्यावी.