दुसऱ्या जिमची चीअर पोरं घ्यायची तर
अमेरिकेत ऑल-स्टार चीअर जिम (शाळेबाहेरची, खासगी क्लबची स्पर्धेची चीअरलीडिंग) चालवताय तर पहिली गोष्ट, कॉम्पिटिशनच्या वॉर्मअपला दुसऱ्या जिमच्या पोरीला "भारी टम्बलिंग गं, ये आमच्याकडे" असं म्हणायचं नाही, इन्स्टावर मेसेज तर नाहीच, आणि आपल्या टीममधल्या पोरींकरवी निरोप धाडणं म्हणजे तेच, फक्त मागच्या दाराने. आईबाप स्वतःहून फोन करतील तेव्हा बोला, पण आधी विचारा, तिथल्या कोचला सांगितलंत का, फी बाकी आहे का. सीझन संपेपर्यंत थांबा, ऑर्लँडोची वर्ल्ड्स, म्हणजे चीअरची जागतिक स्पर्धा, एप्रिलच्या शेवटाला होते, मे महिन्यात बऱ्याच जिमच्या ट्रायआउट्स, म्हणजे नव्या टीमची निवड, असतातच. स्टंट ग्रुप साधारण चौघींचा, खालून उचलणाऱ्या दोन बेस, मागून सांभाळणारी बॅकस्पॉट, वर जाणारी फ्लायर, आता डिसेंबरात फ्लायरच पळवली की बाकी तिघी मॅटवर नुसत्या उभ्या आणि अडीच मिनिटांचं रुटीन कोचने परत बसवायचं. मी एकदा अशी आयती फ्लायर घेतली होती, पुढच्या वर्षी ती तश्शीच तिसऱ्या जिमला गेली, मग बोलणार कुणाला? फी माफीचं गाजर पण नको, आपल्याच जुन्या पालकांना कळलं की झालं. आणि ती आलीच तर जुन्या जिमच्या रुटीनबद्दल तिला खोदून विचारत बसू नका.