गावरान ग्रीक सॅलड आणि त्यातले ऑलिव्ह

बाहेरच्या जगात ग्रीक सॅलड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाला ग्रीसमध्ये ‘होरियातिकी’ म्हणतात आणि या शब्दाचा अर्थ अगदी आपला आहे: गावरान. अस्सल गावरान सॅलडमध्ये लेट्यूसची पाने, कोबी किंवा मेयोनेज यांपैकी काहीही नसते. टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्ह, फेटा चीज, ओरेगॅनो आणि ऑलिव्हचे तेल एवढेच जिन्नस असल्यामुळे त्यांतील एखादाही निकृष्ट निघाला, तर तो दुसऱ्याच्या आड लपत नाही.

सर्वांत आधी ऑलिव्हची निवड करावी. झाडावरून तोडलेले ऑलिव्ह ओल्युरोपीन नावाच्या द्रव्यामुळे इतके कडू असते की ते तोंडात धरवत नाही. आपण कैऱ्या खारवतो त्याप्रमाणे ते मिठाच्या पाण्यात काही आठवडे, कधी काही महिने मुरल्यावरच खाण्याजोगे होते. या सॅलडसाठी दक्षिण ग्रीसमधील कलामाता शहराचे नाव लाभलेले, बदामाच्या आकाराचे जांभळट ऑलिव्ह उत्तम. पिझ्झावर दिसणारे डब्यातील काळेभोर ऑलिव्ह शक्यतो टाळावे, कारण ते बहुधा कच्चेच तोडून, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढून काळे केलेले असते आणि या प्रक्रियेत त्यातील पॉलिफेनॉल ही गुणकारी वनस्पतिजन्य द्रव्ये मोठ्या प्रमाणात निघून जातात.

ऑलिव्हमधील बहुतांश स्निग्धांश ओलेइक आम्लाचा असतो. लोणी किंवा वनस्पती तुपाऐवजी असा स्निग्धांश आहारात आला, तर रक्तातील एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. त्यातील हायड्रॉक्सिटायरोसॉल हे पॉलिफेनॉल रक्तातील स्निग्ध द्रव्यांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ या मोठ्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने समृद्ध भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण कमी आढळले. 2013 चा हा अहवाल पद्धतीतील त्रुटींमुळे मागे घेऊन 2018 मध्ये नव्या विश्लेषणासह प्रसिद्ध करण्यात आला, तेव्हाही निष्कर्ष जवळपास तोच राहिला. अर्थात हा लाभ संपूर्ण आहाराचा आहे, एकट्या फळाचा नव्हे.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करू नये, ती म्हणजे मीठ. खारवलेल्या 100 ग्रॅम हिरव्या ऑलिव्हमध्ये 4 ग्रॅमच्या जवळपास मीठ असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. त्यामुळे माणशी चार-पाच ऑलिव्ह पुरेसे आहेत, आणि रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ते अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून मगच वापरावे.

आता कृती. चौघांसाठी अर्धा किलो पिकलेले पण घट्ट टोमॅटो, दोन मध्यम काकड्या, एक ढोबळी मिरची, एक लहान लाल कांदा, सोळा ते वीस ऑलिव्ह, 150 ते 200 ग्रॅम फेटा, चार मोठे चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल आणि एक लहान चमचा वाळलेला ओरेगॅनो घ्यावा. टोमॅटो फ्रिजमधला नसावा. थंडीने त्याचा स्वाद मरतो. कोशिंबिरीची सवय असलेल्या हाताला बारीक चिरण्याचा मोह होतो, परंतु येथे टोमॅटोच्या घासाएवढ्या फोडी आणि काकडीच्या जाड चकत्याच हव्यात, नाहीतर सारे पाणी सुटून भाज्या लिबलिबीत होतात. काकडी चिरण्यापूर्वी चाखून पाहावी. कांदा पातळ उभा चिरून दहा मिनिटे गार पाण्यात ठेवला की त्याचा उग्रपणा जातो. मिरचीच्या बिया काढून गोल चकत्या कराव्यात.

पसरट भांड्यात टोमॅटोवर चिमूटभर मीठ घालून पाच मिनिटे थांबावे, मग बाकीच्या भाज्या आणि ऑलिव्ह मिसळावेत. फेटा कुस्करू नये. त्याची अखंड जाड वडी वर ठेवावी, तिच्यावर ओरेगॅनो तळहातावर चोळून भुरभुरावा आणि शेवटी तेलाची धार सोडावी. खरा फेटा मेंढीच्या दुधाचा असतो, त्यात शेळीचे दूध 30 टक्क्यांपर्यंत चालते. त्याची आंबूस खारट चव पनीरला येत नाही, म्हणून पनीर वापरल्यास लिंबाचे थोडे थेंब आणि मीठ वाढवावे.

सॅलड लगेच वाढावे, आणि सोबत जाड सालीचा पाव असावा. टोमॅटोचा रस, तेल आणि फेट्याचा चुरा भांड्याच्या तळाशी एकत्र साचतो. त्यात पाव बुडवून खाण्याला ग्रीक लोक ‘पापारा’ म्हणतात. टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य स्निग्धांशाबरोबरच शरीरात नीट शोषले जाते, तेव्हा हा रस भांड्यात तसाच सोडू नये.