जुना नकाशा घेऊन गावाचा किंवा शहराचा आराखडा करताय? या चुका टाळा

जुना नकाशा हाती आला की नवशिके तो स्कॅन करून लगेच उपग्रहाच्या चित्रावर चढवतात. कडेची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. सर्वेक्षणाचं साल एक, दुरुस्तीचं दुसरं आणि छपाईचं तिसरंच असू शकतं.

नकाशा कशासाठी काढला होता, हेही बघा. महसुली मोजणीला वहितीची जमीन आणि तिच्या हद्दी हव्या असतात, बाकीचं सहज गळतं. आमच्या चमूने एकदा अशा नकाशावरची कोरी जागा ‘मोकळी’ धरून तिथे घरं आखली. सही करण्याआधी मी जागेवर गेलो. रस्त्याखाली दगडी मोरी होती, तोंडाशी पालापाचोळा अडकलेला, आत गुडघाभर उंचीवर गाळाची रेघ. तिच्याकडे येणारा नाला मात्र आमच्या एकाही कागदावर नव्हता. पावसाळ्यात पुन्हा गेलो, तर आखलेल्या घरांच्या जागेतून पाणी वाहत होतं. सगळा आराखडा नव्याने करावा लागला. तेव्हापासून कोरी जागा दिसली की मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो आणि मोऱ्या, बांध, रस्त्यांची विनाकारण वाटणारी वळणं बघत पायी फिरतो. हे काम खुर्चीत बसून होत नाही.

जिओरेफरन्सिंगमधला, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा जमिनीवरच्या खऱ्या जागांशी जुळवतानाचा ‘शून्य एरर’ बघून खूश होऊ नका. थर्ड ऑर्डरला, म्हणजे नकाशा वाकवून बसवणाऱ्या तिसऱ्या घाताच्या सूत्राला, किमान दहा पॉइंट (नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखता येणाऱ्या जागा) लागतात. नेमके दहाच दिले तर एरर शून्यच येणार, मग मधला नकाशा कितीही पिळवटलेला असो. मी दोन-तीन पॉइंट बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्यावर ताडून बघतो. पॉइंट जुन्या पुलाचे, पक्क्या इमारतींच्या कोपऱ्यांचे घ्या. नदीचा काठ कधीच नको, तो सरकतो.

जुन्या इमारती वाचवल्या म्हणजे जुनं गाव वाचलं, असं नाही. शहरांच्या रचनेचे अभ्यासक कॉन्झेन यांनी १९६० साली इंग्लंडमधल्या ॲल्निक या गावाचा अभ्यास मांडला. त्यात रस्त्यांची मांडणी सर्वांत चिवट, मग भूखंडांच्या हद्दी, इमारती त्याहून लवकर बदलणाऱ्या. इटलीतल्या लुक्का शहरात रोमन रंगमंडल (ॲम्फिथिएटर) केव्हाच मोडलं, पण त्याचा लंबगोल आजही तिथल्या चौकाला आहे. त्यामुळे भूखंड एकत्र करायची परवानगी देताना हात आखडता घ्या.

एकच साल ‘मूळ रूप’ म्हणून धरू नका. निदान तीन काळांचे नकाशे शेजारी ठेवा.

आणि ठिकाणाच्या नावात ‘तळं’ असेल, तर आधी तळं कुठे होतं ते शोधा, मगच पार्किंगची जागा ठरवा.