चक्रीवादळ येतंय म्हटल्यावर काय करायचं, आणि ते येतं कसं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. दुपारच्या दोन-तीन तासांत आमच्या श्रीवर्धनकडच्या वाडीतल्या पोफळी मधोमध मोडल्या, काही मुळासकट आडव्या झाल्या, आणि पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात, मग नुकसान त्या एका दिवसाचं राहतच नाही. म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी वादळ समजून घ्या. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर तापलं की भरपूर वाफ वर जाते, वर तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, त्याने हवा अजून जोरात वर चढते, खाली दाब कमी होतो आणि आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावते. पृथ्वी फिरतेय त्यामुळे ही हवा सरळ न येता वळत येते, आपल्याकडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट. अमेरिकेत हरिकेन म्हणतात ते हेच. टोर्नेडो मात्र वेगळा, तो एका गडगडाटी ढगातून उतरलेला भोवरा, वारा भयंकर पण बहुतेक वेळा काही मिनिटांचाच. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं, दिवसेंदिवस टिकतं, म्हणून तयारीला वेळ मिळतो.

आता हवामान खात्याचं बुलेटिन. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अति तीव्र. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो हे डोक्यात पक्कं ठेवा, साठला नुसता वाजणारा पत्रा एकशेवीसला उडतो. मग नकाशात वादळाची वाट बघा आणि ते ज्या दिशेला चाललंय तिकडे तोंड करून उभे आहात असं समजा, उजव्या हाताला जास्त मार असतो. निसर्ग ईशान्येला चाललं होतं, म्हणून श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली झोडपली गेली आणि डावीकडे राहिलेली मुंबई बरीचशी वाचली. भरतीची वेळही बघा, उधाणाच्या भरतीत वादळ आलं तर पाणी खूप आत शिरतं. खाडीकाठी घर असेल आणि हलवायला आले तर सामानाचा मोह सोडून निघा.

आदल्या दिवशी नारळाच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्या, वाऱ्यात ते दगडासारखे येतात. पत्र्यांचे हूक आवळा, अंगणातलं सुटं सगळं आत घ्या, गुरांची दावी सोडा. टाकी, हंडे, कळश्या भरून ठेवा कारण लाइट गेली की विहिरीवरचा पंप बंद, आणि निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. पोहरा आणि दोर शोधून ठेवा. सातबारा, रेशनकार्ड, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत. आणि मोबाइल चार्ज असेपर्यंत घराचे, छपराचे, वाडीचे फोटो काढा, झाडं मोजून वहीत लिहा. हे बहुतेक जण विसरतात, आम्हीही विसरलो होतो.

वादळात दारं-खिडक्या घट्ट लावून घरातल्या सगळ्यात पक्क्या खोलीत बसा. वारा आत शिरला की छपराला खालून रेटतो आणि वरून वारा ओढतच असतो, कौलं अशीच जातात, आधी कडेचं एक थरथरतं, मग रांगच्या रांग. आणि मध्येच एकदम शांत झालं, पाऊसही थांबला, तर बाहेर पडू नका!! तो वादळाचा डोळा असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो, तेवढ्याच जोरात, आणि आधी कलंडलेलं झाड तेव्हा पडतं. वादळ गेलं असं हवामान खात्याने सांगेपर्यंत आतच.

नंतर पडलेल्या तारेला हात लावायचा नाही, लाइट नसली तरी. ढिगाऱ्यात साप असतात, काठी आपटत जा. ओल्या छपरावर एकट्याने चढू नका. आणि पंचनामा व्हायच्या आत वाडी साफ करायला घेऊ नका, घेतलीच तर आधी प्रत्येक पडलेल्या झाडाचा फोटो, बुंधा दिसेल असा. तलाठी आले की झाडांची वही त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि त्यांनी लिहिलेला आकडा वाचून मगच सही करा. आमच्याकडे वही नव्हती, आडव्या पोफळी एकमेकींवर पडलेल्या, मोजताना कितीतरी सुटल्या आणि सुटल्या त्या सुटल्याच.