जुन्या चित्रातल्या समुद्री प्राण्यांचा अर्थ लावताना या चुका टाळा

जुन्या चित्रात दात विचकणारा देवमासा दिसला, की "हे अज्ञाताच्या भीतीचं प्रतीक" असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याला भारी घाई असते. चित्राच्या कडेचा मजकूर वाचायच्या आधीच निकाल लागलेला असतो!

मजकूर सोडून चित्रच वाचणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्वीडिश धर्मगुरू ओलाउस मॅग्नसचा 'कार्टा मरिना' हा १५३९ साली व्हेनिसमध्ये छापलेला उत्तर युरोपचा नकाशा बघा. त्यात एका देवमाशाच्या पाठीवर खलाशी चक्क शेकोटी पेटवून बसलेत. मध्ययुगीन प्राणिकथांमध्ये हा प्रसंग सैतानाचं रूपक होता: देवमाशाला बेट समजून त्यावर उतरायचं, विस्तव पेटला की तो बुडी मारणार आणि सगळ्यांना तळाशी नेणार. म्हणून इथेही सैतानच, असं ठोकून द्यावंसं वाटतं. पण या नकाशावर जागोजागी अक्षरं घातलेली आहेत आणि त्यांचा खुलासा लॅटिनमध्ये दिलाय. सूर उपदेशाचा कमी आणि 'या समुद्रात असं असतं' हे सांगण्याचा जास्त. गोष्ट तीच, पण धर्मोपदेशाच्या पोथीत तिचं काम वेगळं आणि नकाशात वेगळं.

याच्या उलट चूकही होते. याच नकाशात आइसलँडच्या पूर्वेला पाण्यात गोल गोल भोवरे काढलेत. ते नुसती नक्षी वाटतात. पण तिथे थंड आणि उबदार प्रवाह खरोखरच भिडतात, आणि समुद्रशास्त्रज्ञांनी या भोवऱ्यांचा संबंध त्याच्याशी जोडलाय.

चित्रकाराच्या चुकीत गूढ शोधणं

१५९८ साली हॉलंडच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचं एक छापचित्र आहे. त्यात डोळ्याला अगदी खेटून कानासारखं काहीतरी दिसतं. देवमाशाला बाहेर कान नसतात. चित्रकाराने पोहायच्या पराला कान समजून तो भलत्या जागी बसवला असावा. पुढे १६०१ साली इटलीत तसंच चित्र निघालं, आंकोनाजवळ सापडलेल्या देवमाशाचं म्हणून, आणि वर 'हुबेहूब प्रत्यक्षावरून' अशी ग्वाहीही! कान मात्र तेच. असा विचित्र अवयव दिसला की आधी जुनं मूळ चित्र शोधा. नक्कल करताना चुकाही जशाच्या तशा उतरतात.

डाव्या-उजव्याचा अर्थ काढणं

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६५०च्या छापचित्रातल्या शंखाचे वेढे उलटे आहेत. त्यात गूढ काही नाही. तांब्याच्या पत्र्यावर जसं कोराल त्याच्या उलट कागदावर उमटतं. गंमत म्हणजे त्याने सही मात्र पत्र्यावर उलटी कोरली, म्हणून ती छापात सुलटी आली.

रंगांचंही तसंच. जुन्या छापचित्रांत रंग बरेचदा नंतर हाताने भरलेले असतात, कधी कधी तर खूपच नंतर. तेव्हा लाल शेवंडीवर प्रबंध लिहिण्याआधी त्याच चित्राची दुसरी प्रत बघा.

एक प्राणी, एक अर्थ

प्रतीकांचे कोश इथेच दगा देतात. जहाजाच्या नांगराला वेढलेला डॉल्फिन आल्डुस मानुशियस या व्हेनिसच्या मुद्रकाची खूण होता, आणि तिथे त्याचा अर्थ 'घाई करा, पण सावकाश'. सुरुवातीच्या ख्रिस्ती कलेत तीच जोडी येशू आणि आशेशी जोडली जाते. कोणता अर्थ धरायचा हे चित्र कशावर आहे त्यावरून ठरतं: पुस्तकाच्या मुखपृष्ठावर की थडग्याच्या दगडावर. ते कळत नसेल, तर दोन्ही शक्यता लिहून ठेवा.