लॉक्ड प्रोसेसरचा पूर्ण वेग कसा मिळवावा

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक (मूळ ठोका) गुणिले मल्टिप्लायर. मॉडेल नंबरमध्ये 'के' नसलेल्या बहुतेक इंटेल प्रोसेसरचा मल्टिप्लायर ठरलेल्या आकड्यापुढे जात नाही, म्हणून त्यांना लॉक्ड म्हणतात. २०२२ साली आलेला कोअर आय५-१२४०० घ्या. त्याचं बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ. सगळ्या सहा कोअरवर भार असताना मल्टिप्लायर ४०, एकाच कोअरवर असेल तर ४४. म्हणजे ४.० आणि ४.४ गिगाहर्ट्झ. पण कित्येक पीसीमध्ये हा हक्काचा वेगही टिकत नाही. आधी तो मिळवा.

प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी, सिनेबेंच आर२३, दहा मिनिटं चालवा आणि शेजारी वेग, तापमान, वीज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. सुरुवातीला ४००० मेगाहर्ट्झ दिसतात. साधारण अर्ध्या मिनिटानंतर आकडा घसरला तर 'सीपीयू पॅकेज पॉवर', म्हणजे प्रोसेसर खात असलेली वीज, बघा. ती ६५ वॅटवर येऊन थांबली असेल तर पॉवर लिमिट, म्हणजे बोर्डने घातलेली विजेची मर्यादा, आडवं येतंय. तापमान १०० अंशांना भिडत असेल तर दोष कूलिंगचा. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहणारा लेप) बदला, चांगला कूलर बसवा आणि मगच पुढे जा.

आता बायोस, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज. 'लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट' ६५ वरून ११७ वॅट करा. इंटेलनेच या चिपला दिलेली ही कमाल टर्बो पॉवर आहे, त्यामुळे बिनधास्त करा. मात्र बोर्डच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नसेल तर ९० च्या आसपास थांबा. सिनेबेंच पुन्हा चालवा. एप्रिल-मेमध्ये परत एकदा तपासा, कारण खोली तापली की सगळं गणित बदलतं.

मग रॅम. एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) सुरू केलेलं नसेल तर ३२०० ची डीडीआर४ रॅम बऱ्याचदा २६६६ किंवा त्याहून कमी वेगाने चालते. एक्सएमपी लावून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही एरर चालणार नाही. ३६०० ची रॅम गिअर १ मध्ये (मेमरी कंट्रोलर रॅमच्याच वेगाने चालतो तेव्हा) चालेलच असं नाही, कारण या चिपवर त्या कंट्रोलरला मिळणारं एसए व्होल्टेज वाढवता येत नाही.

राहता राहिलं बेस क्लॉक. साध्या बोर्डवर एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड जोडणारं पीसीआय एक्सप्रेसही त्याच क्लॉकवर चालतं, म्हणून १०२-१०३ च्या पुढे ती कुरकुरू लागतात. १०२ ने मिळतात जेमतेम ८० मेगाहर्ट्झ. तेवढ्यासाठी डेटा पणाला लावू नका. स्वतंत्र क्लॉक जनरेटर असलेल्या काही बी६६० (इंटेलचा मधल्या श्रेणीचा चिपसेट) बोर्डांवर हीच चिप ५ गिगाहर्ट्झपर्यंत नेलेली आहे, पण ते बोर्ड महाग. नवा पीसी जुळवत असाल तर ते पैसे थेट वरच्या प्रोसेसरमध्ये घाला.